अंबूबाईंची सव्वासहाची बस

अंबूबाई शाळेत होत्या तोवर आमच्याकडे एकही कार्यक्रम उशिरा सुरू झाला नाही आणि पाहुण्यांचं एकही भाषण पुरं झालं नाही. त्या पीटी टीचर. गळ्यात मंगळसूत्र आणि त्याच्या शेजारी शिट्टी. अंगावर सुती साडी आणि तिच्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. मुली उन्हात ताटकळल्यात आणि व्यासपीठावरचे कुणी अधिकारी तिसऱ्यांदा "शेवटी एवढंच सांगतो" म्हणतायत, असं झालं की अंबूबाई शिट्टी फुंकत. एकदाच, पण अशी की माडावरचे कावळे उडत. अधिकारी दचकून खाली बसत, मुली टाळ्या वाजवत, आणि अंबूबाई लगबगीने जाऊन त्यांच्या गळ्यात हार घालत. त्यामुळे तक्रार करायलाही तोंड राहत नसे.

मी त्याच शाळेत गृहविज्ञान शिकवायची. आम्ही दोघी तंजावरच्या जुन्या मराठी घरांतल्या. माझी आई सांगलीची, म्हणून मला हे असं लिहिता तरी येतं. अंबूबाईंना देवनागरीतली एक ओळ वाचता यायची नाही. बोलायच्या मात्र झोकात, आमच्या इथल्या मराठीत, तमिळ हेल काढून, मध्येच 'सरि', म्हणजे 'बरं', घालून. "कमळू, सकाळपासून काय करलीस ग? सरि, ऊठ, मैदानावर चल." मला मैदानावर काही काम नसे. पण त्या "चल" म्हणाल्या की माणूस उठतंच.

त्यांच्या आयुष्यात राजकारण आलं ते एका बसमुळे. हे मी गमतीने म्हणत नाही.

आमच्या निम्म्या मुली ओरत्तनाडूच्या वाटेवरच्या खेड्यांतल्या. त्यांची बस पावणेपाचला सुटायची. तिच्यामागून एक खाजगी मिनीबस जायची, आणि मग रात्रीपर्यंत त्या कालव्याच्या रस्त्याने काही जात नसे. खो-खोचा सराव साडेचारला सुरू व्हायचा. म्हणजे मुली पाटीवर बसायच्या आणि लगेच उठून दप्तर उचलायच्या. पूंगोडी नावाची एक मुलगी होती, सशासारखी पळणारी. जिल्ह्याच्या सामन्याआधी ती एकदाही पूर्ण सराव करू शकली नाही. सामना हरलो तेव्हा ती रडली नाही, पण अंबूबाई रडल्या. मी त्यांना रडताना पाहिलं ते तेव्हाच.

त्या डेपोत गेल्या. संध्याकाळी सव्वासहाला एक बस सोडा, एवढंच मागणं. डेपोतले साहेब म्हणाले, "आमदारांकडून आलं पाहिजे." आमदारांच्या घरी गेल्या, तर आमदार नेहमी नुकतेच बाहेर पडलेले असत. असं बरीच वर्षं चाललं. आमदार बदलले, नुकतंच बाहेर पडणं बदललं नाही.

अंबूबाई निवृत्त झाल्या त्याच उन्हाळ्यात निवडणूक आली. एका पक्षाने आमचं मैदान सभेसाठी भाड्याने घेतलं होतं. अंबूबाई सभेला गेल्या त्या भाषणासाठी नव्हे. आखून ठेवलेल्या चुन्याच्या रेषा कोणी तुडवतंय का, ते बघायला. तिकीट मागणारे दोघे होते. दोघांची माणसं व्यासपीठावर चढली, माईकची ओढाओढ सुरू झाली, एक खुर्ची हवेत गेली. पक्षाचे म्हातारे नेते चेन्नईहून आले होते. त्यांना सगळे नुसतंच 'पेरियवर' म्हणत, म्हणजे मोठे, वडीलधारे. ते हात जोडून सगळ्यांना बसा, बसा म्हणत होते आणि कुणी बसत नव्हतं.

तेवढ्यात शिट्टी वाजली.

सगळं मैदान बसलं. खुर्ची हातात असलेला माणूससुद्धा ती खुर्ची खाली ठेवून तिच्यावर बसला.

"ह्या बाई कोण?" पेरियवरांनी विचारलं.

"पीटी टीचर आहेत, अय्या," शेजारचा कार्यकर्ता अदबीने म्हणाला.

"लोक ओळखतात यांना?"

"या तालुक्यातल्या जेवढ्या बायका शाळेत गेल्या, त्या सगळ्या यांना घाबरतात."

पेरियवर म्हणे बराच वेळ हसत राहिले. दोन दिवसांनी तिकीट अंबूबाईंच्या दारात आलं. त्या तशाच माझ्याकडे आल्या. मी दोशाचं पीठ वाटत होते.

"कमळू, आमदार झालें तर बस मिळेल काय?"

"मिळायला पाहिजे, अंबक्का."

"मग होऊन टाकूं," त्या म्हणाल्या, आणि वाटीभर पीठ घेऊन गेल्या.

त्यांना भाषण येत नसे. आमच्या मुलखात ही मोठीच अडचण. इथे उमेदवार तासभर यमकं जुळवत बोलला नाही, तर लोकांना आपला अपमान झाल्यासारखं वाटतं. अंबूबाईंचं एकच भाषण होतं: "मी निवडून आले तर सव्वासहाची बस येईल. नाही आले तर मुली पाचलाच घरी येतील आणि तुम्ही त्यांना पाण्याला धाडाल. ठरवा." मग शिट्टी, आणि पुढचं गाव. पण त्या ज्या गल्लीत शिरत तिथे कुणीतरी जुनी विद्यार्थिनी असेच. एका गावात पन्नाशीची एक बाई पान चघळत ओट्यावर बसली होती. अंबूबाईंना पाहून ती उभी राहिली, पान थुंकली आणि टाचा जुळवून, हात बाजूला सरळ धरून ताठ झाली. तिच्या सुना बघतच राहिल्या. त्या घरातली सगळी मतं तिथेच ठरली.

निवडून आल्या. आणि आमच्या गल्लीत रोज सकाळी रांग लागू लागली.

रांगेचा त्यांचा नियम एकच: बुटके पुढे. शाळेतली सवय. कोण केव्हा आला, कोणाची किती जमीन, याला अर्थ नाही. त्यामुळे कमरेत वाकलेल्या म्हाताऱ्या सगळ्यांत आधी आत जात, आणि सहा फुटी मिरासदार माना उंच करून दुपारपर्यंत उन्हात उभे राहत. एकजण गुडघे वाकवून उभा राहिला, तर त्याला तसाच तासभर ठेवला. धापा टाकत, ओरडत कोणी आत आला की त्या म्हणत, "आधी श्वास, मग शब्द." तीनदा श्वास आत, तीनदा बाहेर. तिसऱ्या श्वासापर्यंत निम्म्यांचा राग उतरे, आणि काहींना आपण कशाला आलो तेच आठवत नसे.

त्यांचे यजमान रामोजीराव रांगेतल्यांना ताक द्यायचे. मितभाषी माणूस, लुंगी गुडघ्यापर्यंत गुंडाळलेली, हातात कायम पळी. लोक त्यांना आचारीच समजत. एका कंत्राटदाराने तर, आमच्याकडे जास्त पगारावर येता का, म्हणून हळूच विचारलं होतं. रामोजीराव "घरी विचारून सांगतो" म्हणाले.

बस मात्र येईना. विधानसभेत अंबूबाईंनी पहिल्याच अधिवेशनात विचारलं. मंत्री म्हणाले, "विषय विचाराधीन आहे." दुसऱ्या अधिवेशनात विचारलं. विचाराधीन आहे. तिसऱ्या वेळी त्या उठून म्हणाल्या, "विचार कोण करतंय त्यांचं नाव सांगा. मी जाऊन भेटते." सभागृह हसलं, मंत्रीही हसले आणि विषय पुन्हा विचारात गेला. कारण आम्हाला नंतर कळलं. त्या रस्त्यावरची मिनीबस होती नटेसनची, आणि नटेसन होता त्यांच्याच पक्षाचा तालुका सचिव. सव्वासहाला सरकारी बस सुरू झाली, तर त्याच्या पाचच्या गाडीत चेंगरून कोण बसणार? प्रचारात अंबूबाईंच्या पुढे पताका घेऊन नाचणारा हा माणूस मागे फिरून डेपोत "नको" म्हणून सांगून येई.

मग पक्ष फुटला.

कोण कोणावर का रुसलं, ते मला तेव्हाही नीट समजलं नाही. एवढं खरं की पेरियवर एका बाजूला झाले, मुख्यमंत्री दुसऱ्या बाजूला, आणि विश्वासमताची तारीख लागली. पेरियवरांच्या माणसांनी आपल्याकडचे आमदार गाड्यांत घातले आणि डोंगराच्या पायथ्याशी एका रिसॉर्टवर नेऊन ठेवले. त्यांत अंबूबाई. त्यांना तिकीट पेरियवरांनी दिलेलं. त्यामुळे ही आपली, असं सगळ्यांनी धरलेलं.

तिथलं सगळं मला पुढे त्यांनीच सांगितलं. आमदारांना करायला काही नव्हतं. खायचं, पत्ते खेळायचे, निजायचं. अंबूबाईंना दुसऱ्याच दिवशी ते बघवेना. सकाळी त्यांनी हिरवळीवर शिट्टी फुंकली. पहिल्या दिवशी तीन आमदार आले, ते काय झालं ते बघायला. चार दिवसांत सगळे येऊ लागले. पांढरी वेष्टी, म्हणजे इथलं धोतर, गुडघ्यावर दुमडून, पोटं सावरत, उंचीप्रमाणे उभे. हात वर, हात पुढे. दोन वेळा मंत्री झालेल्या एका गृहस्थांना पायाची बोटं शिवता येईनात, म्हणून त्यांना वेगळी शिकवणी. रिसॉर्टचे पहारेकरी भिंतीवरून बघत बसत. कवायत झाली की अंबूबाई फाटकापर्यंत धावत जात आणि परत येत.

आता फुटलेल्या पक्षात दोन्हीकडून निरोप येतात. प्रत्येक आमदाराला आडून आडून विचारलं जातं की तुम्हाला काय हवं. कोणाला खातं, कोणाला जावयासाठी काही, कोणाला आणखी काही. अंबूबाईंना दोन्ही बाजूंनी विचारलं आणि त्यांनी दोघांना एकच उत्तर दिलं: "सव्वासहाची बस."

एका सकाळी माझ्या दारात नटेसन उभा. तो मुख्यमंत्र्यांच्या बाजूला राहिला होता. हातात फळांचं ताट, कपाळाला ताजी विभूती.

"टीचर, तुम्ही त्यांच्या जवळच्या. एक गुपित सांगा."

"काय?"

त्याने दार लोटलं आणि आवाज खाली आणला. "बस म्हणजे काय?"

"कुठली बस?"

"बस, बस. सव्वासहाची. चेन्नईत सगळे डोकं धरून बसलेत. एकजण म्हणतो बस म्हणजे परिवहन खातं. एकजण म्हणतो..." त्याने दोन्ही हातांनी हवेत पेटीएवढा आकार काढला. "आणि सव्वासहा म्हणजे नक्की सव्वासहा काय, हे कोणीच विचारायला धजत नाही. उगाच कमी समजलो तर?"

"नटेसन," मी म्हटलं, "बस म्हणजे बस. पुढे ड्रायव्हर असतो, मागे कंडक्टर असतो. आत मुली बसतात."

"म्हणजे खरी बस?"

"खरी."

"कुठून कुठे?"

"जुन्या बसस्टँडवरून, कालव्याच्या रस्त्याने, ओरत्तनाडूच्या वाटेवरच्या खेड्यांपर्यंत. रोज संध्याकाळी सव्वासहाला."

मी आजवर बऱ्याच माणसांचे चेहरे पडताना पाहिले, पण नटेसनसारखा नाही. तो खुर्चीत बसला. मी पाणी दिलं. मुख्यमंत्र्यांना एकेक मत हवं होतं आणि ते मिळवायची जबाबदारी त्याच्यावर होती. आपल्याच मिनीबसच्या गळ्यावर त्याला आपल्या हाताने सुरी ठेवायची होती.

"दुसरं काही नाही का चालणार?" त्याने क्षीण आवाजात विचारलं. "मंत्रिपद वगैरे?"

इतकी वर्षं विचाराधीन असलेली बस त्या आठवड्यात मंजूर झाली. नवी कोरी, झेंडूच्या माळा घातलेली. अमुक दिवशी पहिली फेरी, असं वर्तमानपत्रात आलं. ते रिसॉर्टवरही पोचलं. पेरियवरांची माणसं अंबूबाईंना म्हणाली, "हे आमिष आहे, अम्मा. मत होईपर्यंत इथून हलायचं नाही."

पहिल्या फेरीच्या दिवशी पहाटे अंबूबाई नेहमीसारख्या फाटकापर्यंत धावत गेल्या. पहारेकऱ्याने रोजच्यासारखा सलाम ठोकला. त्यांनी विचारलं, "आज जरा लांब फेरी मारूं का?" तो म्हणाला, "मारा की, टीचर." त्याला वाटलं वळणापर्यंत. अंबूबाई वळणावरून पुढे गेल्या, चहाच्या टपरीवरून पुढे गेल्या, हमरस्त्याला लागल्या आणि तिरुचीची बस पकडली. पेरियवरांची माणसं दुपारपर्यंत डोंगरात शोधत होती.

संध्याकाळी जुन्या बसस्टँडवर मी होते. नटेसन नारळ घेऊन उभा. त्याचं भाषण सुरू झालं, मुख्यमंत्र्यांच्या मातृहृदयावर. गर्दीतून अंबूबाई आल्या, बूट धुळीने माखलेले, आणि शिट्टी वाजली. नटेसनने नारळ फोडला. मुली ढकलाढकली करत चढल्या. अंबूबाई त्यांच्यात जाऊन बसल्या. टीव्हीवाला एक पोरगा माईक घेऊन बसच्या दांड्याला लोंबकळला.

"अम्मा, सगळं राज्य विचारतंय! तुम्ही कोणत्या बाजूला?"

"खिडकीच्या," अंबूबाई म्हणाल्या, आणि बस सुटली.

ते वाक्य रात्रभर टीव्हीवर चाललं. लोक पोट धरून हसले. पण दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले तेव्हा त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या आणि हसत नव्हत्या. रामोजीराव चिंच कोळत होते.

"पेरियवरांनी मज उभी करलीं," त्या म्हणाल्या. "कधी वाकडा शब्द बोलले नाहींत. त्यांच्याकडून मत दिलें तर उद्या बस बंद. इकडून दिलें तर मी विकली गेलें. आतां सांग, कमळू."

रामोजीरावांनी चिंचेचा चोथा बाजूला ठेवला आणि हात धुतले.

"अंबू," ते म्हणाले, "तूं गावोगाव काय म्हणत हिंडलीस?"

"सव्वासहाची बस."

"पेरियवरांचें नांव घेतलीस काय?"

"नाहीं."

"मग झालें," असं म्हणून ते पुन्हा चिंचेकडे वळले.

चेन्नईला गेल्यावर त्या आधी पेरियवरांच्या घरी गेल्या. चोरून मत देणं त्यांना जमणारं नव्हतं. समोर उभं राहून त्यांनी सांगितलं, "अय्या, मी बसला मत देणार आहे." म्हातारे म्हणाले, "सगळे गेले ते मागच्या दाराने गेले. तू एकटी पुढच्या दाराने जातेस." त्यानंतर ते अंबूबाईंशी कधी बोलले नाहीत.

सरकार वाचलं. ते अंबूबाईंच्या मताशिवायही वाचलं असतं. दोन-तीन जास्तच पडली. ही गोष्ट नटेसनला फार लागली. आपली मिनीबस उगाच गेली, असं तो अजून म्हणतो.

मग टोमणे सुरू झाले. भिंतीवर चित्रं आली: अंबूबाईंच्या तोंडाची बस. सभेत मागून कोणी हॉर्नचा आवाज काढी. 'बसला विकली गेलेली बाई.' एकदा बाजारात एका पुढाऱ्याने सगळ्यांदेखत हे ऐकवलं. अंबूबाई भेंडी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली.

"गेले विकली," त्या म्हणाल्या. "माझ्या किमतीत रोज पन्नास पोरी बसून घरी जातात. तुमच्या किमतीत कोण बसतं?"

भेंडीवालीने त्यांना मूठभर भेंडी जास्त घातली.

पुढच्या निवडणुकीआधी दोन्ही गट एकत्र आले आणि एका गोष्टीवर त्यांचं लगेच एकमत झालं: अंबूबाईंना तिकीट नको. अंबूबाईंनी मागितलंही नाही. गल्लीतली रांग गेली. रामोजीरावांना एवढं ताक करायची सवय झाली होती की काही दिवस ते शेजारीपाजारी वाटत. पेरियवर वारले तेव्हा अंबूबाई चेन्नईला जाऊन आल्या. बाहेरच्या लोकांबरोबर रांगेत उभ्या राहिल्या, दर्शन घेतलं. घरच्यांपैकी कोणी त्यांच्याकडे पाहिलं नाही. परत आल्यावर दोन दिवस त्या मैदानावर गेल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी गेल्या.

मागच्या महिन्यात त्या मला म्हणाल्या, "कमळू, इतके वर्षांत तूं एकदा तरी माझ्या बसमध्ये बसलीस काय?" खरंच बसले नव्हते. मला त्या बाजूला काही काम नसतं. "सरि, ऊठ. चल."

बस आता जुनी झालीय, खिडक्या खडखडतात. मुलींनी भरलेली. कोणाच्या गुडघ्याला माती, कोणाच्या हातात रॅकेट. अंबूबाईंना बघून एक मुलगी उठली. "पाटी, बसा." म्हणजे आजी. त्या पोरींना या पूर्वी कोण होत्या हे माहीत नव्हतं. म्हाताऱ्या बाईला जागा द्यायची, एवढंच माहीत. कंडक्टरने शून्याचं तिकीट फाडून दिलं. आता टाऊन बसमध्ये सगळ्याच बायकांना फुकट. "माजी आमदार म्हणून मज पास आहे ग," अंबूबाई माझ्या कानात म्हणाल्या, "पण आतां त्यास कोण विचारतो?" आणि खुदखुदल्या.

एकेका थांब्यावर मुली उतरत गेल्या. दोन्हीकडे नुकती लावलेली भातं. शेवटच्या थांब्यावर एकच मुलगी उरली, पाचवी-सहावीतली. तिचं घर कालव्याच्या बांधावरून थोडं आत. अंबूबाई तिच्याबरोबर उतरल्या. मला म्हणाल्या, "तूं बस. मी हिला सोडून येतें. बस इथेच वळते."

ड्रायव्हरने बस वळवून घेतली आणि इंजिन बंद केलं. बेडकांचा आवाज एकदम मोठा झाला.

"रोज जातात," ड्रायव्हर म्हणाला. तो नवीन होता. "कोण त्या?"

"आमच्या शाळेच्या पीटी टीचर," मी म्हटलं.

बाहेर मुलगी बांधावरून पुढे पळत सुटली होती. अंबूबाई मागे, एका गुडघ्यावर हात टेकत, हळूहळू. खांद्याला त्यांची कापडी पिशवी. मुलगी वळली, थांबली, आणि तशीच पळत परत आली. तिने अंबूबाईंच्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्याला अडकवली, आणि मग दोघी बांधावरून सावकाश चालू लागल्या, मुलगी कालव्याच्या बाजूने.